मिशी

समारंभ संपला होता. कवी सह्या देण्यात गुंतला होता, सभागृहाचा रखवालदार खुर्च्या आपटून आपटून वेळ झाल्याचं सुचवत होता, आणि मी पुस्तकांच्या टेबलामागे उगाच उभी होते. कविता माझ्या नव्हत्या, मुखपृष्ठही माझं नव्हतं. माझं त्या पुस्तकावर होतं ते फक्त मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यातलं नखाएवढं चिन्ह, प्रकाशन संस्थेचं बोधचिन्ह. ते कुणी बघतं का, हे चोरून बघायला मी थांबले होते. कुणी बघत नव्हतं. लोक पुस्तक उचलतात, पालथं करतात, किंमत वाचतात आणि ठेवून देतात. मग सात-आठ वर्षांचा एक मुलगा आला. त्याने एक प्रत पालथी केली, नेमकं त्या कोपऱ्यावर वड्याचं तेलकट बोट टेकवलं आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘आई, या पुस्तकाला मिशी का आहे?’’

आई ओशाळली. आजूबाजूचे हसले. सगळ्यात जास्त हसल्या त्या प्रकाशक ताई. इतक्या, की त्यांना चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. मीही हसले. न हसून सांगते कुणाला! पण रात्री स्कूटरवरून घरी येताना प्रत्येक सिग्नलला ते वाक्य आठवत होतं, आणि दीड वर्ष झालं तरी ते अधूनमधून येतंच.

मिशी नव्हती ती. ल होता.

संस्थेच्या नावाचं शेवटचं अक्षर ल. आपला, मराठी वळणाचा, पाकळ्यांचा ल. सरकारने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ हीच मराठीची वळणं म्हणून सांगितली आहेत. शासन निर्णयात पाकळी आणि देठ हे शब्द यावेत याचं मला तेव्हापासून अप्रूप आहे. बहुधा त्या फायलीपुरता कुणी कवी मंत्रालयात बसला असावा. मला वाटलं, एवढं देखणं अक्षर नावातच आयतं मिळालंय, तर दिवा, पणती, मोरपीस, पुस्तकातून उगवणारं झाड या वाटेला जायचंच कशाला? ल घेतला. त्याच्या दोन बाजूंच्या वळणांना पोट दिलं, टोकं निमुळती केली. आणि त्याच्या डोक्यावरची शिरोरेघ काढून टाकली. रेघेकडे जाणारा दांडाही छाटला. अक्षर एकदम हलकं झालं, उडेल असं. मी त्याच्याकडे दोन दिवस प्रेमाने बघत होते. त्या दोन दिवसांत ती मिशी आहे हे मला एकदाही दिसलं नाही, आणि त्या मुलाला अडीच सेकंदांत दिसलं.

ताईंविषयी सांगायला हवं. त्यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रकाशन संस्थांमध्ये मुद्रितशोधन केलं. श्रेयपानावर कधी नाव आलं, बहुतेकदा नाही. निवृत्तीनंतर हाताशी आलेल्या पैशांतून त्यांनी नारायण पेठेत, एका स्पायरल बायंडिंगच्या दुकानावर, दोन खोल्या घेतल्या आणि स्वतःची संस्था काढली. वर्षाला चार पुस्तकं, त्यांतली दोन कवितांची. जिना लाकडी, तिसरी पायरी मोडकी. खोलीत खळीचा, कागदाचा आणि दुपारी एकनंतर मेथीच्या भाजीचा वास. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, तरी मला ‘तुम्ही’ म्हणतात. मी एकदा म्हटलं, ‘‘अहो ताई, अगं म्हणा की.’’ तर म्हणाल्या, ‘‘नको. समोरच्याला एकेरीत बोललं की चूक दाखवताना जीभ सैल सुटते.’’

पहिल्या भेटीत त्यांनी बोधचिन्ह मागितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, ‘‘कण्यावर काय टाकायचं तेवढं सांगा. पुस्तक विकलं गेलं की आयुष्यभर कपाटात उभं असतं. मुखपृष्ठ चार दिवसांचं.’’ आणि टेबलावरचे दोन कवितासंग्रह उचलून त्यांनी माझ्यापुढे उभे धरले. एकाचं नाव वरून खाली जात होतं, दुसऱ्याचं खालून वर. मराठी पुस्तकांच्या कपाटासमोर माणूस मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वाकडी करत उभा असतो तो यामुळेच. ‘‘ही मानेची कसरत आधी थांबवा,’’ त्या म्हणाल्या. मी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं आणि विसरले. शहाण्णव पानांचा कवितासंग्रह म्हणजे सोळा-सोळा पानांचे सहा फर्मे, अठ्ठेचाळीस कागद. सत्तर जीएसएम वजनाच्या मॅपलिथो कागदावर कणा जेमतेम पाच मिलिमीटर भरतो. त्यात दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण मिलिमीटर सोडावा लागतो, कारण बायंडरच्या हाताखाली मुखपृष्ठ इकडेतिकडे सरकतंच. उरले साडेतीन-चार. म्हणजे माझ्यापुढचा खरा प्रश्न तांदळाच्या दाण्याहून लहान होता. मी मात्र पडद्यावर भिंतीएवढा ल मोठा करून त्याच्या पोटाची गोलाई घासत बसले होते.

त्या दिवशी मी त्यांना पेंग्विन या इंग्रजी प्रकाशन संस्थेच्या चिन्हाची गोष्ट सांगितली. आमच्या धंद्यात ती सांगायची पद्धतच आहे. १९३५ साली अ‍ॅलन लेनला सहा पेन्सची स्वस्त पुस्तकं काढायची होती. त्याने एडवर्ड यंग नावाच्या कार्यालयातल्या तरुण पोराला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पिटाळलं, आणि तो पेंग्विनांची चित्रं काढून परत आला. कथाकादंबऱ्या नारिंगी, रहस्यकथा हिरव्या, चरित्रं गडद निळी. पुढे १९४७मध्ये यान चिकोल्ड हा अक्षररचनाकार आला. त्याने अक्षरांमधल्या मोकळ्या जागांपासून सगळ्याला शिस्त लावली आणि तो पक्षीही नव्याने रेखाटला. ताईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, ‘‘पण त्या पक्ष्याचा पुस्तकांशी संबंध काय?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘मग बरं आहे,’’ त्या म्हणाल्या, आणि चहा गाळायला उठल्या.

मनातली दुसरी गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. १९७६मध्ये मुंबईत चार कवींनी मिळून क्लिअरिंग हाऊस काढलं, आपली पुस्तकं आपणच छापायची म्हणून. त्या चौघांतल्या अरुण कोलटकरांनी त्या पुस्तकांचं रूप ठरवलं. पोटासाठी जाहिरातीचं काम करणारा माणूस कवितेच्या पुस्तकासाठी कागद, आकार, अक्षर यांची निवड करत बसलाय, हे चित्र मला कॉलेजपासून छळत आलंय. मी दिवसा दुधाच्या पिशव्या करते, गृहप्रकल्पांची पत्रकं करते. ‘निसर्गाच्या कुशीत’ हे दोन शब्द मी आजवर किती टाइपांत जुळवलेत याची गणती नाही. तेव्हा ताईंचं काम आलं तेव्हा मला वाटलं, आली आपली पाळी. हे वाटणं चांगलं की वाईट ते जाऊ द्या, पण असं वाटायला लागलं की माणूस समोरच्याचं ऐकेनासा होतो, हे मात्र खरं.

रंगाचं मजेशीर झालं. मी शेंदरी सुचवला. ताई म्हणाल्या, नको, तो आधीच कुणाचा तरी आहे. निळा? तोही कुणाचा तरी. हिरवा, लाल? आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. महाराष्ट्रात एक रंग मोकळा ठेवलेला नाही. शेवटी त्यांनी खणातून शाईची दौत काढली, ब्लू-ब्लॅक. एकतीस वर्षं त्या याच शाईने घरची पत्रं आणि हिशेब लिहीत आल्या. लाल शाई फक्त मुद्रितांसाठी. ‘‘हा चालेल? हा कुणाचाच नाही. ना धड निळा, ना धड काळा.’’ मी एका कागदावर त्या शाईचा ठिपका टाकून घेतला, वाळू दिला आणि छापखान्यात नेऊन रंग जुळवला. मुखपृष्ठावर, पत्रांवर, पाकिटांवर तो रंग आला. आतली पानं अर्थात साध्या काळ्यात. आतमध्ये दुसरा रंग घालण्याएवढी ऐपत कवितेची नसते.

मग मी अठ्ठावीस पानांची पीडीएफ केली. तीत चिन्ह कापडी पिशवीवर होतं, चहाच्या मगवर होतं, संगमरवरी टेबलावरच्या पुस्तकावर होतं. शेजारी एक निवडुंगाची कुंडी. या निवडुंगाशिवाय आमच्यात कुठलंच काम मंजूर होत नाही. ताईंनी ती सगळी पानं दुकानातून छापून आणवली, कारण पडद्यावर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नाही. चार दिवसांनी गठ्ठा परत आला. शेवटच्या पानावर ‘मान्य’ आणि खाली सही. निवडुंगाच्या पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘ही कुंडी आपल्याला द्यावी लागणार का?’ आणि ल जिथे एकटा, पानभर मोठा होता, तिथे पेन्सिलीने काढलेलं एक छोटंसं प्रश्नचिन्ह. बाकी काही नाही.

मी फोन केला. ‘‘ताई, ते प्रश्नचिन्ह कशाचं?’’

‘‘रेघ काढलीत ना.’’

‘‘हो. मोकळं वाटतं.’’

‘‘मोकळं वाटतं खरं,’’ त्या म्हणाल्या.

मुद्रितात पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह म्हणजे काय, हे मला पुढे कळलं. चूक असेल तिथे लाल शाई. पण ज्या गोष्टीचा निर्णय लेखकाचा आहे, आपल्याला पटत नाही आणि तरी बदलायचा आपल्याला अधिकार नाही, तिथे पेन्सिल. लेखकाने हवं तर बघावं, नको तर खोडून टाकावं. मी खोडलंसुद्धा नाही. बघितलंच नाही.

रेघेचं आणि माझं नातं तसं जुनंच. पहिलीत बाई सांगायच्या, आधी अक्षरं, मग रेघ. मी शब्द लिहून झाला की जीभ बाहेर काढून वरून सरकन रेघ ओढायची आणि ती पुढच्या शब्दात घुसायची. त्यावरून मारही खाल्लाय. आमच्या कऱ्हाडच्या घरासमोर एक पेंटर होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचं उलटं. खडूची पूड लावलेला दोरा पत्र्यावर ताणून टक्कन सोडायचे, पांढरी रेघ उमटायची, आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी ते एकेक अक्षरं तिला टांगत जायचे. मोडी लिहिणारेही आधी कागदभर रेघा आखून घेत आणि मग त्यांखाली लिहीत सुटत, हे कळलं तेव्हा मला ते पेंटरच आठवले. आजोबांकडे निर्णयसागरची काही पुस्तकं होती. जावजी दादाजींचा छापखाना १८६९चा. त्यांचे छपाईचे खिळे इतके नेटके, की अजून कुणी सुबक देवनागरी म्हटलं की त्यांचं नाव निघतं. पण आजोबांच्या त्या प्रतींमध्येही भिंग धरून बघितलं की रेघ सलग नसायची. दर अक्षरापाशी केसाएवढी फट. खिळ्याला खिळा जुळवून केलेली रेघ, सांधे दिसणारच. फरशीच्या सांध्यांवरून बोट फिरवावं तशी मी त्या फटी डोळ्यांनी मोजत दुपार काढायची.

कलाशाळेत ही माया उतरली. तिथे इंग्रजी अक्षर म्हणजे सडपातळ आणि आपलं अक्षर म्हणजे डोक्यावर ओझं घेतलेलं, असं कुणी उघड म्हणायचं नाही, पण शिकवण्याचा सूर तोच असायचा. पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींमधली कमल शेडग्यांची अक्षरं मी कापून वहीत चिकटवायची. नाटक विनोदी की भयंकर ते नुसत्या नावाच्या वळणावरून कळायचं, आणि तिथे रेघ कधी ओझं वाटली नव्हती. तरीही धंद्यात पडल्यावर दुसऱ्याच ग्राहकाने ‘मॅडम, मराठी जरा इंग्लिशसारखं करता येईल का?’ विचारलं, आणि मी रेघ उडवली. त्याला आवडलं. मग सवयच लागली. डेअरी, दवाखाना, शाळेची बस. गुजरातीचं काही अडलं का रेघेवाचून, असं मी वर ऐटीत विचारायची. गुजरातीने रेघ सोडताना आपली अक्षरंही तशी घडवून घेतली, हे सोयीस्करपणे गाळून.

मिशीप्रकरणानंतर आठवड्याभराने मी जिना चढून गेले, माफी मागायच्या तयारीने. ताई पार्सलं बांधत होत्या. ‘‘असू द्या हो मिशी,’’ म्हणाल्या, ‘‘बाईमाणसाच्या संस्थेला थोडी दहशत हवीच.’’ मग सुतळीला गाठ मारता मारता सहज बोलावं तसं बोलल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका स्मरणिकेत शाईने फट बुजलेल्या खिळ्यांनी ‘पाणी भरा’चं ‘पाणी मरा’ केलं होतं आणि मालकांनी त्यांना दिवसभर उभं केलं होतं. भ आणि म, ध आणि घ. फरक रेघेत. भ आणि ध डोक्यावर रेघ पुरती घेत नाहीत, जरा उघडे राहतात. घर आणि धर यांत तेवढंच अंतर. ‘‘तुमच्या लचं तसं काही नाही म्हणा. त्याचं दुसरं कुठलं अक्षर होत नाही.’’ सुतळी दातांनी तोडून त्या म्हणाल्या, ‘‘मिशी होते फक्त.’’

गंमत म्हणजे मिशीवर हसणाऱ्या याच बाईंनी पुढच्या पुस्तकाच्या निमंत्रणासाठी डीटीपीवाल्याच्या डोक्यावर तीन तास बसून काढले. त्याने संस्थेचं नाव माझी फाईल न वापरता स्वतः टाइप केलं होतं, आणि ल आला होता दांड्याचा, हिंदी वळणाचा. हे कायम होतं. बऱ्याच फॉन्टांमध्ये हिंदी वळण समोर बसलेलं असतं आणि मराठीचा ल, श आत माजघरात. मजकुराची भाषा मराठी आहे असं त्या प्रोग्रामला बजावून सांगितलं तरच ते बाहेर येतात. तो मुलगा बिचारा म्हणत होता, ‘‘ताई, वाचता येतंय ना? मग?’’ ताई म्हणाल्या, ‘‘मला हाक मारताना दुसऱ्याच बाईचं नाव घेतलंत तर मी ओ देईन का?’’ मी दारात उभी होते. आत जायचा धीर झाला नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीकडे त्याच पहिल्या कवितासंग्रहाची प्रत हाती आली. चाळताना आतल्या नावाच्या पानावर थांबले. खाली माझं चिन्ह होतं, पण काहीतरी निराळं दिसत होतं. चिन्हाला रेघ होती. वर, सरळ, बारीक, आणि तिच्यापासून खाली उतरणारा नखाएवढा दांडाही. मला वाटलं, छापखान्याची गडबड. मग दिव्याखाली पान तिरकं धरलं तर छापलेला ल निव्वळ काळा आणि रेघ किंचित निळसर. दोन्ही टोकांना शाई कागदात जराशी फुटलेली. मॅपलिथोवर पेनची शाई फुटतेच. मैत्रिणीला विचारलं, तू काढलीस? ती म्हणाली, कशाला काढू, अशीच आली. घरी येऊन माझी प्रत बघितली. माझ्या प्रतीत रेघ नव्हती. ती मला समारंभातच, खोक्यातून काढून मिळाली होती.

शनिवारी दुपारी नारायण पेठेत गेले. तिसरी पायरी अजून मोडकीच. ताई खिडकीशी बसल्या होत्या. डावीकडे न आखलेल्या प्रतींचा ढीग, उजवीकडे आखलेल्यांचा, मध्ये सहा इंची स्टीलची पट्टी, ब्लू-ब्लॅकची दौत आणि टिपकागद. प्रत उघडायची, पट्टी ठेवायची, रेघ, दांडा, टिपकागद, मिटायची. त्यांनी मला बघितलं आणि लपवण्यासारखं काही नसल्यासारखी पुढची प्रत घेतली.

‘‘सगळ्या?’’ मी विचारलं.

‘‘इथून जातात तेवढ्या. कपाटात गेलेल्यांचं काही करता येत नाही.’’

‘‘अहो, मला सांगायचं ना. मी फाईल बदलून देते. अर्ध्या तासाचं काम आहे.’’

‘‘देऊ नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते चूक आहे असं माझं मत नाही. चूक असतं तर तेव्हाच लाल केलं असतं. मला नुसतं बघवत नाही.’’

मला राग आला होता, की लाज वाटत होती, की आनंद होत होता, मला कळेना. माझ्या कामावर कुणी इतकं बारीक हाताने कधी काही केलं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि दुसरं पेन मागितलं. त्यांनी क्षणभर विचार करून दिलं. पट्टी एकच होती, ती त्यांच्याकडे. मी म्हटलं, मला लागत नाही, वीस वर्षं रेघा ओढतेय. चारच्या सुमारास आम्ही चहाला थांबलो तेव्हा माझ्या साठेक प्रती झाल्या होत्या. ताईंनी चष्मा पुसला, माझ्या ढिगातली वरची प्रत उघडली, मग दुसरी, तिसरी. बोलल्या काहीच नाहीत. साठातल्या बावीस त्यांनी शांतपणे वेगळ्या काढल्या, त्यांच्यावर एक चिठ्ठी ठेवली आणि खणातून पेन्सिल घेतली.